फिटनेसची सही

सर्व संबंधितांस अत्यंत खेदपूर्वक कळविण्यात येते की, आर. के. पुरम येथील पहिल्या मजल्यावरील एका सरकारी क्वार्टरच्या सर्वोच्च प्राधिकाऱ्यांनी आज सकाळी सात वाजता चहास स्पष्ट नकार दिला आहे. परिस्थिती गंभीर असून उच्च पातळीवर तिचा आढावा घेण्यात येत आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये.

ही घोषणा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, लाटणं तोंडासमोर धरून केली. अशा घोषणा मी रोजच करायचो. गॅस संपला, दूधवाला आला नाही, बाबांना मोजा सापडत नाही, कशाचीही मी सरकारी दवंडी पिटायचो आणि आई हसायची. त्या दिवशी ती हसली नाही. ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. म्हणाली, नुसत्या वासानेच मळमळतंय. मग खाली बसली, फरशीवरच, आणि भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले.

जूनचा पहिला आठवडा होता. दिल्लीत त्या दिवसांत निम्मी वसाहत मळमळत असते. मी लाटणं जागेवर ठेवलं आणि ऑफिसला गेलो. माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रयोग, जो प्रेक्षकांनी इतक्या वाईट रीतीने नाकारला, आणि नटाला त्याचं कारण कळायला दीड महिना लागला.

आधी घरातली पात्रं सांगतो. तीनच आहेत. मी, तेव्हा पंचविशीचा, नवीन नोकरी, नवीन टाय. आई. आणि बाबा. बाबा केंद्र सरकारच्या दक्षता विभागात होते, म्हणजे सरकारी नोकरांवर नजर ठेवणारे सरकारी नोकर. काही लोक दक्षता ऑफिसातच ठेवून घरी येतात. आमचे बाबा ती डब्यातून घरी आणायचे. दहावीत मी ऑफिसची पेन्सिल वापरून बीजगणिताची दोन पानं सोडवली, तेव्हा त्यांनी ती पेन्सिल माझ्याकडून काढून घेतली, टोक केलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला परत नेली. टोक केल्यामुळे ती अर्धा सेंटिमीटर कमी झाली, याचं त्यांना आठवडाभर वाईट वाटत होतं.

त्याच सुमारास आमच्याच ब्लॉकमधला एक क्लार्क निलंबित झाला होता. सरकारी दवाखान्यातून स्वतःच्या कार्डावर औषधं घेऊन तो गावच्या मेव्हण्याला पाठवायचा. ते प्रकरण बाबांच्याच टेबलावर आलं होतं. बाबांनी ते जेवताना सविस्तर सांगितलं, त्यात आनंद नव्हता, पण शंकाही नव्हती. म्हणाले, माणूस चांगला होता, मला फार वाईट वाटलं, पण कार्ड ज्याचं औषध त्याचं. त्या क्लार्कच्या बायकोने पुढे दुधाच्या बूथवर येणंच बंद केलं. आई तिच्यासाठी दूध आणून द्यायची. दाराशी पिशवी ठेवायची आणि बेल न वाजवता परत यायची.

तर आईचं दुखणं सुरू झालं, आणि बाबांनी फाइल उघडली.

मी खरंच सांगतो, अशी फाइल दिल्लीत दुसरी नसेल. पिवळ्या पुठ्ठ्याची, लाल फितीची. डाव्या बाजूला टिपणं, उजव्या बाजूला कागदपत्रं, पानांना क्रमांक. सकाळचा ताप, संध्याकाळचा ताप, किती पोळ्या खाल्ल्या, किती उलटून पडल्या, कोणत्या दिवशी चक्कर आली आणि ती बसल्या बसल्या आली की उठताना. बाबांना प्रेम करण्याची दुसरी रीत ठाऊक नव्हती. शेजारच्या घरांत लोक आजारी बायकोच्या उशाशी बसत. आमचे बाबा उशाशी बसून तारीख टाकत.

वसाहतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं दिली. गर्मी आहे. दुसऱ्यांदा पोट शांत करणाऱ्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा आईकडे न बघता मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिली. त्यांचा दोष नाही. त्यांच्या दारात नव्वद माणसं उभी होती आणि प्रत्येकाला ऑफिस गाठायचं होतं.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आम्ही पहाटे जाऊन कार्ड काढायचो आणि दुपारी बारापर्यंत एका डॉक्टरसमोर पोचायचो. डॉक्टर विचारायचा, "क्या तकलीफ है?" प्रश्न आईला असायचा. उत्तर बाबा द्यायचे, फाइल उघडून, परिच्छेदवार. आईचं हिंदी बाजारापुरतं उत्तम होतं, भाजीवाल्याला ती रडकुंडीला आणायची, पण डॉक्टरसमोर ती पदर सावरून बाबांकडे बघायची. आणि डॉक्टर, दमलेला, हात पुढे करून नुसते रिपोर्ट मागायचा. पोटवाल्याने पोट पाहिलं. छातीवाल्याने छातीचा फोटो काढला आणि टीबी नाही असं सांगितलं. रक्तवाला म्हणाला, शरीरातलं मीठ जरा कमी दिसतंय, खाण्यात थोडं वाढवा. एकाने विचारलं, घरात काही टेन्शन आहे का, आणि बाबांनी टिपणात लिहिलं: ताण, नाही.

जुलै उजाडला तोवर आई अर्धी झाली होती. गालांची हाडं वर आली. बाथरूमपर्यंत जाताना ती भिंतीला एक हात लावून जायची आणि परत येताना दोन्ही. एका रविवारी मी तिला उचलून गच्चीवर खाटेवर नेलं आणि मला धक्का बसला, कारण ते उचलणं काही कठीण गेलं नाही. ती म्हणाली, बरं झालं, आता तुझ्या कमरेला त्रास नाही. विनोद तिचाच होता, पण आवाज इतका लांबून आला की मला हसता आलं नाही. त्या दिवसापासून मला एकच भीती होती, ती सरळ सांगतो. आई मरते आहे, आणि कशाने ते या एवढ्या मोठ्या शहरात कोणालाच माहीत नाही.

आता माझी एन्ट्री.

मी तेव्हा गुडगावला एका परदेशी कंपनीत लागलो होतो. धौला कुआँवरून चार्टर्ड बस मिळायची. एका बाजूला मोहरीची शेतं आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती, आणि मधल्या रस्त्यावरून टाय लावलेले आम्ही, आपणच तो रस्ता शोधून काढला असल्यासारखे. तिथे नवीन हॉस्पिटल उघडलं होतं. संगमरवरी फरशी, एसी, हसऱ्या मुली, आणि हॉस्पिटलचा वासच नाही. कंपनीने आई-वडिलांच्या उपचारांचाही खर्च मान्य केला होता. मी घरी येऊन भाषण ठोकलं. काळ बदलला आहे, सरकारी हॉस्पिटलात माणूस रांगेतच म्हातारा होतो, आता निर्णय घ्यायला हवा, वगैरे. फार चांगलं भाषण होतं. मी मधे खुर्चीवरून उठलोही होतो.

बाबांनी दोन दिवस विरोध केला. तिसऱ्या दिवशी आई मोरीत पडली आणि त्यांनी विरोध सोडला. मी मागून फाइलमध्ये पाहिलं, तर त्यांनी लिहिलं होतं: मुलाच्या आग्रहास्तव खाजगी रुग्णालयात नेण्यात येत आहे. आग्रहास्तव. तो शब्द मी तेव्हा विजयाच्या आनंदात वाचला.

काचेच्या हॉस्पिटलातला सर्जन माझ्याहून फार मोठा नव्हता. त्याचा टायही माझ्यासारखाच होता. त्याने पोटाचा मोठा स्कॅन काढून घेतला, उजेडात धरला आणि म्हणाला की स्पष्ट असं काही दिसत नाही, पण एवढं वजन उगाच उतरत नाही, आत कुठेतरी काहीतरी लपलेलं असणार. पोट उघडून बघू. गुरुवारी.

मला इतकं हलकं वाटलं की मी त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. दीड महिन्यात पहिल्यांदा कोणीतरी वार सांगितला होता. माणूस घाबरलेला असला की त्याला उत्तर नको असतं, वार हवा असतो. मी आईला सांगितलं, गुरुवारी सगळं कळेल. तिने मान हलवली. ऑपरेशननंतर चालत घरी जाता येईल का, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, नाचत.

फक्त एक कागद राहिला होता. भूल देण्याआधी तब्येत ठीक असल्याची सही लागते, ती हॉस्पिटलच्या फिजिशियनकडून घ्यायची. सर्जन म्हणाला, औपचारिकता आहे, पाच मिनिटं.

बुधवारी सकाळी मी आईला व्हीलचेअरवर घालून त्या खोलीत नेलं. मागे बाबा, काखेत फाइल. आत पांढऱ्या दाढीचे एक सरदारजी बसले होते. सैन्यात डॉक्टर होते, निवृत्त होऊन इथे आलेले. नव्या वस्तीत अजून माणसंच राहायला आली नव्हती, त्यामुळे त्यांच्याकडे पेशंट नव्हते. टेबलावर त्या दिवसाचं वर्तमानपत्र होतं आणि त्यातलं शब्दकोडं साडेनऊलाच भरून झालं होतं. आमच्याकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, जशी लग्नघरी जेवण तयार असताना वाढपी पहिल्या पंगतीकडे बघतो.

मी कागद पुढे केला. त्यांनी तो पेपरवेटखाली ठेवला आणि फाइल मागितली. वीसेक मिनिटं ते ती वाचत होते. मी दोनदा घड्याळ पाहिलं. बाबा मात्र पहिल्यांदाच सुखावले होते. कोणीतरी पान एकपासून वाचत होतं.

मग त्यांनी विचारलं, "साहब, यह फ़ाइल पाँच जून से शुरू होती है। बीमारी कब से शुरू हुई?"

बाबा म्हणाले, पाच जूनपासूनच.

"और चार जून को?"

बाबांनी फाइल उलटली, जणू चार जून आत कुठेतरी अडकली असेल. चार जून तिथे नव्हती. इतक्या डॉक्टरांनी ती फाइल पाहिली होती, आणि सगळ्यांनी आईचं आयुष्य पाच जूनला सुरू झालं असं धरून चालवलं होतं. आम्हीही.

फाइलच्या शेवटी दवाखान्याची दोन कार्डं होती, एक जुनं, मुदत संपलेलं, एक नवं. बाबा मुदत संपलेलं काहीही फेकत नसत. डॉक्टरांनी ती दोन्ही बाहेर काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. मग बाबांना म्हणाले की इतकी उत्तम फाइल मी माझ्या अख्ख्या नोकरीत पाहिली नाही, हिच्या दोन प्रती मला हव्यात, पण बाकी कोणाच्या हातात देऊ नका, पानं पुढे-मागे होतील. झेरॉक्स तळमजल्यावर होतं. बाबा फाइल छातीशी धरून स्वतः गेले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. गोल्ड मेडल घ्यायला निघालेला मुलगा.

दार लागलं आणि डॉक्टरांनी खुर्ची ओढून आईच्या समोर घेतली. त्यांनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली, ती कागदासारखी पातळ झाली होती. कोपराजवळ निळे डाग होते, ते केव्हापासून आहेत म्हणून विचारलं. आई म्हणाली, बांगडी लागली तरी येतो. तिला पलंगावर निजवून त्यांनी ब्लडप्रेशर पाहिलं. मग मला म्हणाले, धर, उभी कर, आणि उभ्याने पुन्हा पाहिलं. त्या मधल्या एका मिनिटात आईचे ओठ पांढरे पडले आणि तिचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला. एवढ्या डॉक्टरांमध्ये तिला उभी करून कोणीच पाहिलं नव्हतं. सगळ्यांकडे ती खुर्चीत बसलेली यायची.

तिला परत निजवून त्यांनी ती दोन कार्डं माझ्या हातात दिली. जुन्या कार्डावर आईचा नेहमीचा उभट चेहरा होता. नवं कार्ड गेल्या डिसेंबरातलं, त्यावर चेहरा चांगला वाटोळा, गाल फुगलेले, हनुवटी गळ्यात गेलेली. तो फोटो आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं होतं. मी तर दिल्लीचं पाणी अखेर मानवलं अशी घोषणाही केली होती. आणि आता समोर पलंगावर तिसरीच बाई होती.

सरदारजी बेळगावला मराठा जवानांमध्ये काही वर्षं राहिले होते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ते अचानक मराठीत म्हणाले, "ताई, चेहरा भरला तेव्हा काय घेत होतात?"

आईने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं.

"बाबांना सांगणार नाहीस ना?" ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत डॉक्टर म्हणाले, "नाही सांगणार तो. बोला."

मग ती बोलली, हळूहळू, छताकडे बघत. आमच्या वरच्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब राहायचं. त्या बाईंना आम्ही मामी म्हणायचो. आम्ही दोघं ऑफिसला गेलो की अकरा वाजता आई मामीकडे कॉफी प्यायला जायची. त्या अकराच्या कॉफीचं एक वेगळंच राज्य होतं आणि त्यात बाबांना किंवा मला प्रवेश नव्हता. मामीच्या सासूला सांध्यांचा जुना आजार होता. तिच्या कार्डावर दवाखान्यातून गोळ्या यायच्या, भरपूर यायच्या. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत आईचे गुडघे इतके धरले की तिला जिना चढता येईना. मामीने कॉफीच्या बशीत एक छोटी पांढरी गोळी ठेवली. दुसऱ्या दिवशी आई जिना उतरून बूथवर गेली आणि परत आली. तेव्हापासून रोज कॉफीबरोबर एक, कधी दोन. दीड वर्ष. भूक वाढली, चेहरा भरला, सगळे म्हणाले तब्येत सुधारली.

एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा झाल्या आणि मामीच्या नवऱ्याची मद्रासला बदली झाली. सरकारी वसाहतीत हे होतच असतं, ट्रक येतो, माणसं जातात. निघताना मामीने एका रुमालात उरलेल्या गोळ्या बांधून दिल्या होत्या. मे संपता संपता त्या संपल्या.

"सगळ्या?" डॉक्टरांनी विचारलं.

आईने उशाशी ठेवलेल्या पर्समधून पट्टीचा एक तुकडा काढला. चार गोळ्या होत्या. अशा पट्ट्यांवर सरकारी पुरवठा, विक्रीसाठी नाही असा शिक्का असतो. तिने तो नखाने खरवडून काढला होता, पूर्ण, अगदी पांढरं होईपर्यंत. औषधाचं नाव मात्र अर्धं राहिलं होतं.

त्या चार ठेवून का दिल्या, असं मी विचारलं. माझा आवाज जरा चढला असावा. ती म्हणाली की ऑपरेशननंतर घरी चालत जाता यावं म्हणून. तुला खांद्यावर न्यावं लागू नये.

डॉक्टरांनी पेपरवेट उचलला, माझा कागद घेतला, त्यावर आडवी रेघ मारली आणि इंटरकॉम उचलून सर्जनला सांगितलं की उद्याचं ऑपरेशन होणार नाही. पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. सरदारजी तो ऐकून घेत एका हाताने नर्सला सलाईन आणायची खूण करत होते.

मला त्यांनी दारापाशी नेऊन समजावलं. किडनीच्या टोकावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज एक रस तयार करतात, त्यावर माणूस उभा राहतो, अक्षरशः. त्या गोळ्यांत, म्हणजे स्टेरॉइडमध्ये, तोच रस असतो, पण फार जास्त. पलटणीला रोज बाहेरून तयार जेवण येऊ लागलं की लंगरवाले चूल विझवतात, ते म्हणाले. आणि मग एका दिवशी बाहेरचं जेवण अचानक बंद झालं. चूल विझलेलीच. कोणी कळवलं नाही. दीड महिना तुझी आई उपाशी आहे, पोटाने नाही, आतून. तपासण्या करू, पण उत्तर यायला दिवस लागतील, मी थांबणार नाही, आत्ता इंजेक्शन देतोय.

मी विचारलं, उद्या ऑपरेशन झालं असतं तर. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. वयाने मोठी माणसं तरुणाला काही गोष्टी सांगाव्या की नाहीत याचा विचार करतात, तसा त्यांनी एक क्षण केला. मग म्हणाले की पोट कापण्याचा धक्का सोसायला शरीराला त्याच रसाची सगळ्यात जास्त गरज असते. त्या टेबलावरून परत आल्या नसत्या.

ही गोष्ट मी पुढे पुष्कळ मैफलींत सांगितली आहे. पेन्सिल सांगतो, झेरॉक्सला निघालेले बाबा करून दाखवतो, सरदारजींचं मराठी काढतो, लोक पोट धरून हसतात. हे वाक्य मात्र मी गाळतो. वार मी मान्य केला होता. हात मी दोन्ही हातांनी धरला होता. नाचत, असं मी म्हटलं होतं.

बाबा दोन प्रती घेऊन वर आले तेव्हा आईच्या हाताला सलाईन लागलेलं होतं. ऑपरेशन रद्द का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरांना वेगळा संशय आहे. खोटं नव्हतं. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने उठून बसवायला सांगितलं. दुपारी भूक लागली म्हणाली आणि हॉस्पिटलची खिचडी खाल्ली. वर, यांना फोडणी म्हणजे काय ते माहीत नाही, असा शेराही मारला. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. बाहेर अर्धवट बांधलेल्या टॉवरवर मजूर चढत होते आणि मला ते नीट दिसत नव्हते.

पण सरदारजींची खरी पंचाईत पुढे होती, आणि माझीही. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले की त्याच गोळ्या आईला रोज द्यायच्या, आणि मग महिने-महिने लावून, अगदी थोड्या थोड्या कमी करायच्या, म्हणजे आतली चूल पुन्हा पेटायला अवधी मिळेल. ताप आला, हाड मोडलं, कसलंही ऑपरेशन ठरलं, तर लगेच वाढवायच्या. एक दिवस चुकला तर काय होतं ते तू पाहिलंसच. हे ज्या घरात करायचं, तिथे ही गोष्ट एका माणसापासून लपवून चालणार नाही, आणि तोही असा माणूस, जो दिवसातून चार वेळा नोंद ठेवतो. मी ताईंना शब्द दिला होता तो उपचार सुरू होईपर्यंतचा, ते म्हणाले. आता तोच उपचाराच्या आड येतोय.

ते आत गेले आणि आईच्या कानाशी काही बोलले. तिने मान हलवली, पण बाबांकडे न बघता, भिंतीकडे बघत.

डॉक्टरांनी बाबांना खुर्चीत बसवून सगळं सांगितलं. मामी, कॉफी, कार्ड, गोळ्या, दीड वर्ष, शिक्का खरवडलेली पट्टी. पट्टी त्यांनी समोरच ठेवली. बाबांनी सवयीने पेन काढलं होतं. ते हातातच राहिलं. मला वाटलं ते आता नियम सांगतील, आणि मी मनातल्या मनात भांडणाला कंबर कसली. पण त्यांनी नियम सांगितला नाही. पट्टी उचलली, खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग फाइल मिटून फीत बांधली आणि ती पलंगाखाली ठेवली. ती फाइल त्यांनी जमिनीवर ठेवलेली मी कधी पाहिली नव्हती.

डॉक्टर बाहेर गेले. केरळची एक नर्स सलाईनची बाटली बदलत होती, तिला आमची भाषा कळत नव्हती, आणि त्या वेळी मला तिचा हेवा वाटला.

बाबा उठून पलंगाशी गेले. त्यांचा आवाज ऑफिसचा नव्हता. असा आवाज त्यांच्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं. "अगं, मरायला टेकली होतीस. एवढ्या डॉक्टरांकडे नेलं, प्रत्येक वेळी मी शेजारी होतो. एक शब्द बोलली नाहीस. का? मी काय तुझ्यावर केस केली असती?"

आई उत्तर देणार नाही असं मला वाटलं. आयुष्यभर ती अशा प्रश्नांना उत्तर देत नसे, पोळी वाढायची किंवा आत जायची. पण आता आत जायला जागा नव्हती, हाताला सुई होती, आणि तीन दिवसांनी अंगात आलेली सगळी ताकद एकदम तोंडात आली.

"केली असतीत. रडत रडत सही केली असतीत, पण केली असतीत."